भाऊजींचं सविस्तर राहून गेलं

भाऊजी गेले त्या दिवशी सकाळी इस्त्रीवरून भांडण झालं. भांडण म्हणायचं तर म्हणा, पण त्या दोघांचं ते रोजचंच. कुणाच्या घरी रेडिओ चालू असतो ना, तसं. कारखान्याला सुट्टी होती. ताई भाजी निवडत बसलेली आणि भाऊजी बनियनवर उभे, हातात ती करडी पँट. फक्त लग्नाकार्याला बाहेर निघणारी.

"अगं, हिला घडी पडत नाहीये. सुरीसारखी घडी पाहिजे."

"सुरीसारखी घडी घालून कुणाला कापायला चाललात?"

"कॉलेजात चाललोय. बारकीच्या सरांना भेटायला."

ताईचा हात भाजीवरच थांबला. "तिला सांगितलंत?"

"तिला कशाला? काम झालं की सांगू."

मग ताईने भाजी बाजूला सारली, इस्त्री त्यांच्या हातातून काढून घेतली आणि पँटवर पाणी शिंपडून अशी घडी घातली की भाऊजींनी बोट लावून बघितलं. लागते का म्हणून.

आता हे सर कोण आणि भाऊजींचं त्यांच्याकडे काय काम, ते आधी सांगायला हवं, नाहीतर कुणाला काही कळायचं नाही.

आमचे भाऊजी कागदाच्या कारखान्यात होते. कुणी विचारलं की छाती काढून सांगायचे, "सेफ्टीला आहे." सेफ्टीला म्हणजे काय, तर गेटाशेजारी एक खिडकी होती, त्या खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हेल्मेट आणि बूट द्यायचे. संध्याकाळी परत घ्यायचे, पुसायचे, फळीवर लावायचे. सगळा जन्म त्या खिडकीत गेला. माणूस दारातून आत आला की त्याच्या तोंडाकडे बघायच्या आधी पायाकडे बघायचे आणि बुटाचा नंबर सांगून टाकायचे. बरोबर निघाला की कॉलर ताठ. चुकला की म्हणायचे, "तुम्ही आजवर चुकीचा नंबर घालत आलात." ताईच्या चपला तेच आणायचे. ताई बिचारी एक तर चपलेतून बाहेर यायची नाहीतर चपलेत मावायची नाही.

दुसरी सवय म्हणजे, काम हातात घ्यायच्या आधीच त्यांचं काम झालेलं असायचं. मोरीतला नळ गळतोय म्हटलं की, "झालं समज." दाराची कडी निखळलीये म्हटलं की, "झालं समज." नळ गळतच राहायचा, कडीला सुतळी बांधलेली असायची, आणि भाऊजी त्या दारातून रोज समाधानाने बाहेर पडायचे. ताईने एकदा चिडून विचारलं, "अहो, तुमचं झालेलं काम दिसतं तरी कसं? एकदा बघायचंय मला." भाऊजी म्हणाले, "दाखवतो की. झालं समज."

मूलबाळ नव्हतं. म्हणून भाऊजींच्या बहिणीची मुलगी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला आली तेव्हा घर एकदम भरलं. ही बारकी. नाव बारकी पण उंचीने मामाच्या डोक्यावरून पलीकडचं बघते. इंजिनियरिंगला. भाऊजींना तिचा एवढा अभिमान की पहिल्या वर्षापासूनच तिला "साहेब" म्हणायला लागले. "साहेब उठले का? साहेबांना चहा द्या." ताई म्हणायची, "साहेबांना सांगा, अंथरुणाची घडी घालायला अजून नोकर ठेवलेला नाही."

शेवटच्या वर्षाला बारकीच्या मनात आलं, पुढचं शिक्षण परदेशात करायचं. कागदाचा लगदा असतो ना, त्यातलं पाणी कमी कसं वापरायचं, असलं काहीतरी. ताईला ते कधी नीट कळलं नाही पण तिने शेजारपाजारी सगळ्यांना समजावून सांगितलं. त्यासाठी अर्ज करायचा, तो सगळा कॉम्प्युटरवर, आणि त्याला कॉलेजातल्या सरांची शिफारस लागते. सर सुद्धा कुठले तरी चालत नाहीत. ज्यांच्या हाताखाली काम केलं तेच पाहिजेत. ते हे सर. कडक पण सरळ माणूस. बारकी त्यांची लाडकी होती असं बारकीच म्हणायची, म्हणजे असेलच.

आणि त्याच सुमारास सरांनी सगळ्या वर्गाला कारखाना दाखवायला न्यायचं ठरवलं. कुठला, तर भाऊजींचाच.

झालं. भाऊजींच्या अंगात आलं. कारखान्यात गेटावरच्या माणसापासून साफसफाईवाल्या बाईपर्यंत सगळ्यांना सांगून झालं, "आमचे साहेब येतायत." आता तिथे असं आहे की हेल्मेटचा रंग बघून माणूस ओळखतात. कामगाराला निळं, पाहुण्याला पिवळं, आणि पांढरं फक्त वरच्या अधिकाऱ्यांना. पाहुण्यांची पिवळी हेल्मेटं किती डोक्यांवरून फिरलेली. त्यांचा वास भाऊजींइतका कुणाला माहीत? म्हणून त्यांनी काय केलं, आदल्या दिवशी एक पांढरं हेल्मेट घरी आणलं, भांड्याच्या साबणाने घासलं, आतला पट्टा उन्हात वाळवला आणि पिशवीत घालून परत नेलं. ताईने बघितलं. म्हणाली, "हे पांढरं आहे."

"मग?"

"ती पाहुणी आहे. पाहुण्यांना पिवळं ना?"

"अगं, घरचं माणूस पाहुणं असतं होय? आणि पुढे साहेब झाली की घालणारच आहे पांढरं. आज घातलं तर काय डोकं झिजतंय?"

दुसऱ्या दिवशी खिडकीसमोर सगळी पोरं रांगेत उभी. सगळ्यांना पिवळी. बारकीच्या हातात पांढरं आलं. ती हळूच म्हणाली, "मामा, हे काय?" भाऊजींनी डोळा मारला. "घाल गं. स्वच्छ आहे." मागे पोरं ढकलत होती, सर पुढे गेले होते, तिने घातलं.

आत मोठं मशीन आहे, कागद गुंडाळायचं. पलंगाच्या चादरी शिवून शिवून जोडल्या तर जेवढं होईल तेवढा रुंद कागद सुसाट येत असतो. आवाज असा की शेजारी उभ्या माणसाचं नुसतं तोंड हललेलं दिसतं. म्हणून तिथली माणसं हातानेच बोलतात. बोट गोल फिरवलं की सावकाश घे. मूठ दाखवली की जरा थांब. आणि पंजा सरळ वर गेला की आत्ताच्या आत्ता बंद, काहीतरी गंभीर आहे. पांढऱ्या हेल्मेटवाल्याने पंजा वर केला तर का म्हणून विचारायची सोय नाही. आधी बटण दाबायचं, विचारायचं नंतर.

सर मशीनसमोर उभं राहून ओरडून ओरडून काहीतरी शिकवत होते. बारकीला शंका आली. लहानपणापासूनची सवय. शंका आली की काय करतात मुलं? हात वर.

मशीनवरच्या माणसाने बघितलं, पांढरं हेल्मेट, पंजा वर. त्याने आपलं काम चोख केलं. बटण दाबलं.

गुंडाळणारं थांबलं पण मागून येणारा कागद कुठे थांबतोय? तो फाटला आणि यायला लागला. घड्यांवर घड्या, ढीगच्या ढीग. पुढची पोरं कमरेपर्यंत कागदात गेली. एक मुलगा तर दिसेनासा झाला, नुसतं पिवळं हेल्मेट वर तरंगत होतं. सर ओरडत होते, कारखान्याचा अधिकारी धावत आला, त्याने मागचंही सगळं बंद करायला लावलं, आणि आवाज थांबल्याने आता सगळ्यांचं सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. बारकीचा हात अजून वरच होता म्हणे.

कुणाला खरचटलंही नाही, देवाची कृपा. पण अधिकाऱ्याने सगळ्यांसमोर विचारलं, "पांढरं हेल्मेट हिला कुणी दिलं?"

बारकी म्हणाली, "मीच उचललं. फळीवर होतं. मला पांढरं आवडलं म्हणून."

म्हणजे मामाला वाचवलं पोरीने. पण सरांनी ते ऐकलं. परवानगी मिळवायला त्या माणसाने किती खेटे घातले असतील, आणि आता अधिकारी म्हणतोय, तुमच्या कॉलेजची पोरं परत नकोत. गाडीत बसल्यावर सर बारकीला एवढंच म्हणाले, "चूक कुणाचीही होते. पण जी मुलगी न विचारता मिरवायला वस्तू उचलते, तिची शिफारस मी कशी करू? माझ्याकडे मागू नकोस."

आणि हे तिने घरी सांगितलंच नाही. भाऊजींना मशीन थांबल्याचं कळलं होतं, तर त्यांना म्हणाली, "काही नाही झालं मामा, सगळे हसले." भाऊजींनी विश्वास ठेवला. त्यांना काय, पुढचे कित्येक दिवस ते सांगत सुटले, "आमच्या साहेबांनी नुसता हात वर केला, अख्खा कारखाना बंद!"

अर्जाची मुदत जवळ यायला लागली तशी बारकी गप्प. ताट पुढे ओढायची, परत सारायची. ताईने ओळखलं. ताईला फसवणं सोपं नाही. भाऊजींबरोबर संसार केलेली बाई ती. एक दिवस मोरीत कपडे पिळता पिळता तिने पोरीकडून सगळं काढून घेतलं आणि जेवताना भाऊजींच्या कानावर घातलं.

भाऊजींचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, "माझ्यासाठी खोटं बोलली?"

"मग काय, तुमची नोकरी घालवू?" बारकी म्हणाली. "आणि जाऊ दे ना मामा. नाही गेले तर नाही गेले."

"असं कसं? मी बोलतो तुझ्या सरांशी."

"मामा, नको हं. तू गेलास की अजून घोळ होईल."

"मी काय घोळ करतो का कधी?"

यावर ताई आणि बारकी दोघी एकमेकींकडे बघून खाली बघायला लागल्या. पण भाऊजी हसले नाहीत. दुसऱ्याच दिवशी कारखान्यात अधिकाऱ्यापुढे जाऊन उभे राहिले आणि खरं सांगितलं. बोलणी बसली भरपूर. अधिकारी म्हणाला, खिडकीतून उचलून लगद्यात टाकलं पाहिजे तुम्हाला. भाऊजी म्हणाले, टाका, पण मुलीचं नाव काढू नका. शेवटी नुसत्या बोलण्यावर भागलं. राहिले ते सर. म्हणून ही करडी पँट.

तर त्या दिवशी भाऊजी चकचकीत होऊन गेले. ताईने दारातून बजावलं, "दोनच गोष्टी बोला. एक, चूक तुमची. दोन, तिला शिफारस द्या. बुटाबिटाचं काही काढू नका."

"झालं समज," भाऊजी म्हणाले आणि सुतळीची कडी ओढून गेले.

दुपारी परत आले ते उन्हाने लाल झालेले, पण चेहरा कसा? परीक्षेत पहिला आल्यासारखा. ताई मिक्सर लावून बसली होती. तो बंद करायच्या आधीच विचारायला लागली.

"काय म्हणाले सर?"

"झालं. काम झालं."

"म्हणजे देतो म्हणाले?"

"अगं, झालं म्हटलं ना. आधी वाढ. भूक लागलीये. चहाच्या वेळेला बारकी आली की सविस्तर सांगतो, दोघींना एकदम. परत परत नाही सांगणार."

त्यांचं हे सविस्तर म्हणजे काय ते घरात सगळ्यांना माहीत. सविस्तर सुरू झालं की वाटेत कोण भेटलं, त्याने कुठल्या रंगाचा शर्ट घातला होता, इथपासून. ताईने वाढलं. जेवले. भाजी दोनदा मागून घेतली. मग पलंगावर आडवे झाले ते पँट न बदलताच.

"अहो, चुरगळेल ना."

"संध्याकाळी बाहेर जायचंय परत. राहू दे. जरा पडतो."

चहाची वेळ झाली तेव्हा बारकी आलेली होती. ताई कप घेऊन गेली. हाक मारली, परत मारली, खांद्याला हात लावला. पँटची घडी जशीच्या तशी होती. तेवढं तिला आधी दिसलं. नंतर बाकीचं कळलं.

डॉक्टर म्हणाले झोपेतच हृदय थांबलं, त्यांना काही जाणवलंही नसेल.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. माणसं आली, गेली. कारखान्यातली सगळी आली, निळी, पांढरी, हेल्मेटाशिवाय कोण कुठलं ते ओळखूच येत नव्हतं. मशीनवरचा तो बटण दाबणारा माणूस तर कोपऱ्यात बसून लहान पोरासारखा रडला.

आणि ताईच्या डोक्यात एकच भुंगा. झालं म्हणजे काय झालं? खरंच झालं, की नळासारखं झालं? रात्रंदिवस तेच. कुणी समजूत घालायला आलं की ती हो हो म्हणायची आणि मनात तोच हिशेब, सर हो म्हणाले असतील का? म्हणाले असतील तर बारकीचं पुढे सरकत का नाही?

तिने बारकीला विचारलं. बारकी म्हणाली, "मामी, तो विषय नको. मी अर्ज करत नाहीये."

"का?"

"मला नाही जायचं."

"मामाने काम करून ठेवलंय तुझं."

बारकी हळूच म्हणाली, "मामी, तुला माहितीये ना मामा कसा होता."

ताईला राग आला, आणि राग कशाचा तर पोरीचं म्हणणं खरं असेल याचा. शेवटचा दिलेला शब्द तो, आणि तोही नळासारखा गळका निघाला तर? तिने दोन दिवस काढले. मग सकाळी पिशवी घेतली, "भाजी आणते," म्हणाली आणि थेट कॉलेजात.

विचारत विचारत सरांच्या खोलीशी पोचली. छोटीशी खोली. टेबलावर कागदच कागद, ते उडू नयेत म्हणून पंखा बंद ठेवलेला, आणि सर घामाघूम होऊन काहीतरी तपासत बसलेले. ताईने नाव सांगितलं नाही. म्हणाली, "मी बारकीची मामी. त्या दिवशी ते आले होते ना, कारखान्यातले, त्यांची बायको."

सरांचा चेहरा एकदम खुलला. "अरे वा, या, बसा! आणि ते नाही आले? मी त्यांचीच आठवण काढत होतो."

"ते गेले."

"कुठे?"

ताईला काय सांगावं सुचेना. "गेले म्हणजे... तुमच्याकडून आले, जेवले आणि गेले. त्याच दिवशी."

सर उभे राहिले. मग बसले. मग परत उठून पंखा लावला. सगळे कागद खोलीभर उडायला लागले. त्यांनी एकही उचलला नाही. त्यांच्या कानावर काहीच नव्हतं. बारकी कॉलेजात येत नाही एवढंच त्यांना माहीत. मग ताईच म्हणाली, "सर, मला एवढंच सांगा, ते तुमच्याशी काय बोलले? सविस्तर सांगा. ते सांगणार होते, राहिलं."

आणि सरांनी सांगितलं. अगदी वाटेत कोण भेटलं ते सोडून सगळं.

"आले ते दारातच उभे. बसा म्हटलं तर बसेनात. म्हणाले, सर, चोर मी आहे. मला वाटलं काय चोरलं यांनी? मग सगळं सांगितलं, हेल्मेट कसं घासलं, पट्टा कसा वाळवला. म्हणाले, पोरीने उचललं नाही, मी तिच्या हातात दिलं. ती माझ्यासाठी खोटं बोलली, आणि खोटं बोलायची तिला सवय नाही, म्हणून खोटंही एवढं वाईट बोलली. मला हसू आलं. मग ते बसले. मग चहा मागवला. मग त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं."

ताईने कपाळाला हात लावला. "नंबर सांगितला?"

"म्हणाले, सर तुमचा नऊ. मी म्हटलं, आठ. नाही म्हणाले, नऊच, तुम्ही चुकीचा घालताय. मी म्हटलं, अहो, माझ्या पायाला आठच बसतो. म्हणाले, पायाला सवय झालीये, पायाचं काय ऐकता! आणि मग अर्धा वेळ तेच. मध्ये मुलीचं. ती लहान असताना सगळ्या भांड्यांत पाणी ओतून बघायची, कुठल्यात किती मावतं म्हणून, ते सांगितलं."

"आणि शिफारशीचं?"

"शिफारशीचं काय?"

ताई बघतच राहिली. "पत्र हो, तिच्या अर्जाला. तेच तर मागायला आले होते."

सर आठवायला लागले. डोकं हलवलं. "पत्राचं नाही काढलं. उठताना दारातून वळून म्हणाले, मग सर, काम झालं समजू ना? मी म्हटलं, हो, समजा. मला वाटलं माफीचं काम."

आणि ताईला हसायला आलं. माणूस गेल्यापासून पहिल्यांदा. पदर तोंडाला लावला तरी थांबेना. "विसरले! मागायचंच विसरले! आणि घरी येऊन जेवले काय, भाजी काय मागितली..." हसता हसता कुठल्या क्षणी रडायला लागली ते तिलाही कळलं नाही. सर बिचारे पाण्याचा ग्लास धरून उभे.

डोळे पुसून ताई सरळ बसली. "मग आता मी मागते. तिला पत्र द्या."

"मी द्यायला तयार आहे," सर म्हणाले. "ते आले त्या दिवसापासूनच तयार आहे, ती कॉलेजात आली की सांगणार होतो. पण असं हातात देता येत नाही. तिने अर्जात माझं नाव घालायचं, मग तिकडून मला निरोप येतो, मग मी पाठवतो. तिने नावच घातलेलं नाही. मीच नको म्हटलं होतं ना तिला. आणि मुदत उद्याची आहे."

ताईने पिशवीतून फोन काढला.

"बारके, कुठे आहेस?"

"घरी. तू कुठे आहेस? भाजी आणायला किती वेळ?"

"भाजी मिळाली नाही. लॅपटॉप उघड आणि अर्जात सरांचं नाव घाल."

"मामी! तू कुठून बोलतेस?"

"तुझ्या सरांच्या समोर बसलेय. पंखा लावलाय त्यांनी."

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग बारकीचा आवाज बारीक झाला. "मामी, मला नाही जायचं म्हटलं ना. तू एकटी पडशील."

"एकटी पडेन ते माझं मी बघेन. एवढी वर्षं तुझ्या मामाबरोबर काढली, आता जरा शांतता मिळतेय तर तू का आड येतेस?"

सर छताकडे बघायला लागले. फोनवर रडण्याचा आवाज. ताईने आवाज खाली आणला. "हे बघ बाळा. तो माणूस जाता जाता मला सांगून गेलाय, काम झालं म्हणून. आयुष्यात त्यांचं एक तरी झालेलं काम मला बघू दे. घाल नाव."

मग तिने फोन बंदच केला, म्हणजे पोरीला नाही म्हणायला जागाच नको. दोघं बसून राहिले. सर खाली वाकून कागद गोळा करायला लागले, ताईही लागली. निम्मे गोळा झाले असतील नसतील, सरांच्या कॉम्प्युटरवर टुंग वाजलं. सरांनी चष्मा नाकावर सरकवला, वाचलं आणि स्क्रीन ताईकडे फिरवली. ताईला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण तिने नीट बघितलं.

"आता तुम्ही जा," सर म्हणाले. "तुम्ही समोर बसलात तर मला लिहायला सुचायचं नाही. आज दुपारपर्यंत पाठवतो." मग दारापर्यंत आले. "एक विचारू? त्यांचंही लिहू का त्यात?"

"मुलीचं लिहा," ताई म्हणाली. "त्यांचं लिहायला बसलात तर मुदत संपेल."

घरी आली तर बारकी टेबलाशी बसलेली, डोळे सुजलेले. तिने मामीकडे बघितलं, मामीने तिच्याकडे. ताईने भात लावला. दुपारी निरोप आला, सरांचं पत्र पोचलं. मग बारकीने सगळा अर्ज परत एकदा वाचला, मोठ्याने, इंग्रजीत. ताईने सगळा ऐकला आणि शेवटी म्हणाली, "चांगला आहे. जरा भरभर वाचलास."

"मामी, शेवटचं बटण तू दाबतेस?"

"मी कशाला? माझं शिक्षण आहे का हे?"

"दाब ना."

ताईने हात धुतले, पदराला पुसले, बोट पुढे केलं, मागे घेतलं, "हेच ना? नक्की?" असं विचारून घेतलं आणि दाबलं. काहीतरी गोल फिरलं, मग हिरवी खूण आली. बारकीने टेबलावर डोकं टेकलं.

"आणि तिकडच्यांनी नको म्हटलं तर?" ताईने विचारलं.

"तर इथेच."

"मग बरं आहे. दोन्हीकडून आपलाच फायदा."

उत्तर आलं नाही. कित्येक दिवसांची झोप होती, पोर टेबलावरच झोपून गेली. ताईने तिच्या अंगावर चादर घातली. लॅपटॉप उघडाच होता. तो मिटायला हात पुढे केला आणि थांबली. मिटला तर अर्ज परत येईल की काय? कुणाला विचारणार? एवढ्यात शेजारीण साखर मागायला आली, तिला दारातूनच हाताने थोपवलं. साखर दिली, पण आत पाऊल टाकू दिलं नाही. मग खुर्ची ओढून तिथेच बसली, उघड्या लॅपटॉपच्या राखणीला, आणि दिवेलागण होऊन गेली तरी पोर उठेपर्यंत कुणाला त्याला हात लावू दिला नाही.